रुबिक क्यूब थराथराने कसा सोडवावा

चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या आमच्या घरी भाचवंडे जमली की त्यांतल्या एखाद्याच्या पिशवीत रुबिक क्यूब असतोच, आणि दरवर्षी तो एकाच अवस्थेत असतो: पांढरी बाजू पूर्ण जुळलेली आणि उरलेल्या पाच बाजूंवर रंगांची खिचडी. मूल ती पांढरी बाजू कौतुकाने दाखवते, पण पुढे फिरवायला धजत नाही, कारण आणखी एक चाल केली की मिळवलेले मोडणार हे त्याला कळून चुकलेले असते. क्यूब अर्धवट सोडून देणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. माझी स्वतःची कित्येक वर्षे अडलेली होती. या लेखात दिलेली पद्धत थरांची आहे आणि तिच्यातले प्रत्येक सूत्र, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या चाली, जुळलेला भाग क्षणभर मोडते, त्यातून हवा तो तुकडा हलवते आणि मोडलेले पुन्हा जागच्या जागी आणून ठेवते. ही गोष्ट एकदा पटली की पाठांतर तेवढे उरते, आणि पाठ करायची सूत्रे सातच आहेत.

नुसते फिरवत राहिल्याने कधीतरी रंग जुळतील, ही आशा मात्र आधीच सोडावी. क्यूबच्या शक्य अवस्थांची संख्या ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,००० इतकी आहे. भास्कराचार्यांनी दिलेल्या संख्यास्थानांत परार्ध हे अठरावे आणि शेवटचे स्थान. त्या मापाने ही संख्या चारशे बत्तीस परार्धांच्या वर जाते. बुडापेस्टमध्ये वास्तुरचना शिकलेल्या आणि तिथेच अध्यापन करणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली हा ठोकळा तयार केला, तेव्हा स्वतःच विस्कटलेला ठोकळा पुन्हा जुळवायला त्यांना महिनाभर लागला होता. तेव्हा पहिल्या आठवड्यात जमले नाही म्हणून कोणी वाईट वाटून घेऊ नये.

हातात घेतल्यावर आधी तुकडे ओळखावेत

क्यूबवर चोपन्न रंगीत चौकोन दिसतात, म्हणून चोपन्न सुट्या गोष्टी जुळवायच्या आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात बाहेरून दिसणारे तुकडे सव्वीसच आहेत. त्यांपैकी सहा मध्य तुकड्यांवर एकेकच रंग असतो, कडेच्या बारा तुकड्यांवर दोन-दोन आणि कोपऱ्याच्या आठ तुकड्यांवर तीन-तीन रंग असतात. कडेचा तुकडा कोपऱ्यात जात नाही आणि कोपऱ्याचा कडेला येत नाही. मध्य तुकडे तर आतल्या सांगाड्यालाच जोडलेले असल्यामुळे एकमेकांच्या संदर्भात कधीच हलत नाहीत. घराची कितीही डागडुजी झाली तरी अंगणातले तुळशी वृंदावन जसे जागचे हलत नाही, तसे. म्हणून ज्या बाजूचा मध्य हिरवा, ती बाजू हिरवीच होणार, हे आधीच ठरलेले असते. नेहमीच्या क्यूबवर पांढऱ्यासमोर पिवळा, हिरव्यासमोर निळा आणि तांबड्यासमोर नारिंगी असे रंग असतात.

‘एक बाजू जुळवणे’ हे ध्येय चुकीचे का, ते यावरून कळेल. हिरव्या-पांढऱ्या तुकड्याचा पांढरा चौकोन पांढऱ्या बाजूवर आला पण हिरवा चौकोन तांबड्या मध्याशेजारी बसला, तर तो तुकडा जागेवर आलेलाच नाही. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज गेलेली असताना मी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओटीवर, बसून मेणबत्तीच्या उजेडात शिकवायला बसलो आणि सगळ्यांनी मिळून तांबडा व नारिंगी, पांढरा व पिवळा यांची गल्लत करून ठेवली. निदान शिकण्याच्या दिवसांत तरी दिवसाउजेडी बसावे.

चालींची लिपी

सहा बाजूंना अशी अक्षरे देऊ: उजवी ‘उ’, डावी ‘डा’, वरची ‘व’, तळाची ‘त’, पुढची ‘पु’ आणि मागची ‘मा’. नुसते अक्षर लिहिले असेल तर ती बाजू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावी. अक्षरापुढे ' अशी खूण असेल तर उलट दिशेने पाव फेरा, आणि २ हा अंक असेल तर अर्धा फेरा. दिशा ठरवताना ती बाजू आपण समोरून पाहत आहोत अशी कल्पना करावी; तळाच्या बाजूची दिशा क्यूबखालून वर पाहिल्यावर जी दिसेल ती. नवशिक्यांच्या निम्म्या चुका ‘त’ फिरवताना होतात आणि त्यांचे कारण एवढेच असते. स्पर्धांत खेळणारी मुले हीच खूण-पद्धत इंग्रजी अक्षरांनी लिहितात. ती डेव्हिड सिंगमास्टर या गणितज्ञाने रूढ केली. आपली अक्षरे पक्की झाली की तिकडे वळायला वेळ लागत नाही.

सूत्र वाचताना डोळ्यांनी रंगांचा माग काढू नये, कारण मधल्या चालींत दिसणारा गोंधळ पाहून हात थबकतो. घुमट वाजवणारा जसे बोल आधी तोंडाने म्हणतो आणि मग ते हातात उतरतात, तसे सूत्र मोठ्याने म्हणत सावकाश फिरवावे. सूत्र संपेपर्यंत क्यूब हातात जसा धरला आहे तसाच राहिला पाहिजे.

पहिला थर

सुरुवात पिवळा मध्य वर धरून करावी आणि त्याच्या चारही अंगांना पांढऱ्या कडा, म्हणजे पांढरा रंग असलेले कडेचे तुकडे, आणून एक फूल तयार करावे. या टप्प्याला सूत्र नाही, पण एक नियम आहे. पांढरी कड मधल्या थरात असेल तर तिचा पांढरा चौकोन ज्या बाजूवर आहे ती बाजू न फिरवता, तिचा दुसरा चौकोन ज्या बाजूवर आहे ती फिरवावी; म्हणजे पांढरा चौकोन वर तोंड करून पिवळ्याशेजारी येतो. फिरवण्याआधी त्या बाजूच्या वरच्या जागी आधीच आलेली पाकळी नाही ना, हे पाहावे. असेल तर वरचा थर फिरवून रिकामी जागा तिथे आणावी. पांढरा चौकोन तळाकडे तोंड करून असेल तर वर जागा मोकळी करून ती बाजू अर्धा फेरा फिरवावी. वरच्या किंवा खालच्या थरात असून पांढरा चौकोन आडवा, म्हणजे बाजूच्या अंगाला दिसत असेल, तर त्याच काळजीने ती बाजू पाव फेरा फिरवून तुकडा मधल्या थरात आणावा आणि वरचा नियम लावावा.

फूल पूर्ण झाले की एका पाकळीचा बाजूचा रंग पाहावा आणि त्या रंगाच्या मध्यावर येईपर्यंत वरचा थर फिरवावा. जुळला की ती बाजू अर्धा फेरा फिरवावी. पाकळी तळाच्या पांढऱ्या मध्याशेजारी जाऊन बसते. चारही पाकळ्या अशा उतरल्यावर तळाशी पांढरी फुली तयार होते आणि तिच्या चारही टोकांचे बाजूचे रंग आपापल्या मध्यांशी जुळलेले असतात. फुली थेट तळाशी करणारे लोक फुलाची वाट लांबची म्हणतात, आणि ती आहेच. पण या वाटेवर कोणी हरवलेले मी पाहिलेले नाही.

आता पांढरे कोपरे. पांढरा तळाशी आणि पिवळा वर, असेच धरून ठेवावे. वरच्या थरातला पांढरा चौकोन असलेला एक कोपरा निवडावा आणि त्याचे उरलेले दोन रंग वाचावेत. समजा तो पांढरा-हिरवा-नारिंगी आहे. तर हिरवी बाजू पुढे धरल्यावर नारिंगी उजवीकडे येते, म्हणजे वरचा थर फिरवून हा कोपरा पुढच्या उजव्या कोपऱ्यात, आपल्या जागेच्या नेमका वर आणता येतो. मग हे सूत्र:

उ व उ' व'

कोपरा खाली नीट बसेपर्यंत ते पुन्हा पुन्हा करावे. पांढरा चौकोन उजवीकडे तोंड करून असेल तर एकदाच पुरते. वर असेल तर तीनदा आणि पुढे असेल तर पाचदा करावे लागते. इथे घाई करू नये, कारण पुढच्या सगळ्या कामाचा गाभा या चार चालींत आहे. पहिली चाल उजवी बाजू वर उचलून फुलीचे एक टोक मोडते, दुसरी कोपऱ्याला उचललेल्या जागेसमोर आणते, तिसरी मोडलेले टोक कोपऱ्यासकट खाली आणते आणि चौथी वरचा थर परत नेते. उचलणे, ठेवणे, परतवणे. हे पाहण्यासाठी जुळलेला क्यूब घेऊन सूत्र सलग सहा वेळा करावे. पहिल्या पाच वेळा तो विस्कटलेला दिसतो आणि सहाव्या वेळी जसाच्या तसा परत येतो. पांढरी बाजू धरून बसलेल्या मुलाला मी आधी हेच करायला लावतो, आणि बहुतेक वेळा त्याची भीती तिथेच जाते.

पांढरा कोपरा तळातच चुकीच्या जागी किंवा चुकीच्या तोंडाने बसलेला असेल तर तो पुढच्या उजव्या हाताला धरून सूत्र एकदा करावे. तो वर येतो आणि मग नेहमीप्रमाणे त्याला जागेवर नेता येते. चारही कोपरे बसल्यावर प्रत्येक बाजूवर खालच्या ओळीतले तीन आणि मधला एक असे चार चौकोन एकाच रंगाचे दिसले पाहिजेत.

मधला थर

वरच्या थरात पिवळा रंग नसलेली कड शोधावी आणि तिचा बाजूचा रंग त्याच रंगाच्या मध्यावर येईल असा वरचा थर फिरवावा. ती बाजू पुढे धरावी. आता कडेच्या वरच्या चौकोनाचा रंग उजव्या मध्याचा असेल (हिरवी बाजू पुढे असताना नारिंगी), तर:

व उ व' उ' व' पु' व पु

आणि तो डाव्या मध्याचा, म्हणजे याच उदाहरणात तांबडा असेल, तर:

व' डा' व डा व पु व' पु'

दुसरे सूत्र पहिल्याचे आरशातले रूप आहे, त्यामुळे ते वेगळे पाठ करण्याऐवजी डाव्या हाताला उजव्याची नक्कल करू द्यावी. सूत्राच्या मध्यावर तळाचा एक पांढरा कोपरा वर आलेला दिसतो. अनेकांना तिथेच घाम फुटतो आणि ते थांबतात. थांबू नये; शेवटच्या तीन चाली तो कोपरा सोबतच्या कडेसह खाली घेऊन जातात. वरच्या थरातल्या सगळ्या कडांवर पिवळा रंग आहे आणि तरीही मधला थर पूर्ण नाही, अशी वेळ आली तर चुकीच्या जागेतली कड पुढे-उजवीकडे धरून पहिले सूत्र एकदा करावे, म्हणजे ती वर निघून येते.

शेवटचा थर

इथवर दोन-तीन दिवसांत सगळे पोचतात. शेवटच्या थरात चार सूत्रे लागतात, आणि ती एका बैठकीत उरकू नयेत. रोज एक पुरे.

पहिले काम पिवळी फुली. वरच्या बाजूला कडांचे पिवळे चौकोनच तेवढे पाहावेत, कोपऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. चार आकृत्या दिसू शकतात: एकही पिवळी कड नसलेला नुसता ठिपका, दोन लगतच्या कडांचा काटकोन, समोरासमोरच्या कडांची रेघ, किंवा तयार फुली. सूत्र एकच:

पु उ व उ' व' पु'

रेघ असेल तर ती डावी-उजवी आडवी धरून एकदा करावे. काटकोन असेल तर त्याच्या दोन भुजा मागे आणि डावीकडे येतील असा धरून तसाच दोनदा करावे. ठिपका असेल तर एकदा केल्यावर काटकोन मिळतो. मात्र तो पुढे-उजवीकडे मिळतो, म्हणून वरचा थर अर्धा फेरा फिरवून मग पुढे जावे. सूत्राच्या पोटात ओळखीचे ‘उ व उ' व'’ बसलेले दिसेल. त्याला पुढच्या बाजूने आधी उघडले आणि शेवटी बंद केले, इतकेच.

दुसरे काम त्या फुलीची टोके आपापल्या मध्यांशी जुळवणे. वरचा थर फिरवत राहिले की एका ठिकाणी नेमकी दोन टोके तरी जुळतातच. चारही जुळली तर हा टप्पा वगळावा. जुळलेली दोन टोके लगतची असतील तर ती मागे आणि उजवीकडे धरून:

उ व उ' व उ व२ उ' व

याने पुढच्या आणि डाव्या टोकांची अदलाबदल होते. जुळलेली टोके समोरासमोर असतील तर कसेही धरून सूत्र एकदा करावे. त्यानंतर वरचा थर फिरवल्यावर लगतची दोन टोके जुळताना दिसतील.

तिसरे काम कोपरे आपापल्या जागी नेणे. त्यांची तोंडे अजून वेडीवाकडी असली तरी चालतात. ज्या तीन बाजू जिथे मिळतात त्याच तीन रंगांचा कोपरा तिथे आला की तो जागेवर आहे असे समजावे. असा एक कोपरा सापडला की तो पुढे-उजवीकडे धरावा आणि:

व उ व' डा' व उ' व' डा

उरलेले तीन कोपरे आपापसात फिरतात. एकदा किंवा दोनदा केल्यावर सगळे जागेवर येतात. एकही कोपरा जागेवर नसेल तर सूत्र कुठूनही एकदा करावे, म्हणजे एक तरी सापडतोच.

आता शेवटचे काम, आणि रडू आणणारेही हेच. पिवळा चौकोन वर नसलेला एक कोपरा पुढे-उजवीकडे वरच्या जागी धरावा आणि त्याचा पिवळा चौकोन वर येईपर्यंत हे करावे:

उ' त' उ त

दोनदा किंवा चारदा करावे लागते. या काळात खालचे दोन्ही थर पार विस्कटलेले दिसतात. तरीही क्यूब हातात न वळवता फक्त वरचा थर फिरवून पुढचा वाकडा कोपरा त्याच पुढे-उजव्या जागी आणावा आणि तेच सूत्र पुन्हा सुरू करावे. शेवटचा कोपरा सरळ होताच खालचे दोन थर आपोआप जुळून येतात आणि वरचा थर योग्य जागी फिरवला की काम संपते. फसगत दोन ठिकाणी होते: पिवळा वर आल्याच्या आनंदात शेवटची ‘त’ चाल राहून जाते, किंवा पुढचा कोपरा आणण्यासाठी अख्खा क्यूब वळवला जातो. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत मी एकदा ऐन या टप्प्यात होतो. धक्का लागून क्यूब हातात कसा फिरला ते कळलेच नाही, आणि पलीकडे उतरल्यावर पांढऱ्या फुलापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

वेग आणि निगा

या पद्धतीत शंभराहून अधिक चाली सहज होतात. कोणतीही अवस्था वीस किंवा त्याहून कमी चालींत सुटू शकते, हे २०१० साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले आहे. पण त्या वीस चाली माणसाला पाहताक्षणी दिसत नाहीत, तेव्हा चालींची संख्या मोजत बसण्यात अर्थ नाही. १९८२ साली बुडापेस्टला झालेली पहिली जागतिक स्पर्धा मिन्ह थाई याने २२.९५ सेकंदांत जिंकली. आजच्या स्पर्धांत खेळाडूला सुरू करण्याआधी क्यूब न्याहाळायला १५ सेकंद मिळतात, आणि नवशिक्याने त्यांतून एवढे उचलावे की पहिल्या दोन पांढऱ्या कडांची वाट हात लावण्याआधीच ठरवावी. वेळ खरा जातो तो हात सावकाश चालल्याने नव्हे, तर पुढचा तुकडा शोधत थांबल्याने. म्हणून एका तुकड्याचे सूत्र चालू असतानाच नजर पुढच्या तुकड्यावर असावी, आणि त्यासाठी हात थोडा सावकाश चालला तरी बिघडत नाही.

क्यूब हलका फिरणारा असावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणारा स्वस्त क्यूब शिकायला चालतो, पण तो अडकत असेल तर सूत्राच्या मध्यावर बोटे चुकतात आणि दोष मात्र आपण स्मरणशक्तीला देतो. आमच्या घरी एकाने अडकणाऱ्या क्यूबमध्ये खोबरेल सोडले. चार दिवस तो लोण्यासारखा फिरला आणि मग धूळ धरून असा चिकटला की उघडून साबणाने धुवावा लागला. क्यूबसाठी मिळणारे सिलिकोनचे वंगण थेंबभर पुरते.

सूत्रे बरोबर करूनही क्यूब सुटत नसेल तर

लहानपणी मी माझ्या क्यूबचे स्टिकर नखाने उचकटून सगळ्या बाजू ‘सोडवल्या’ होत्या, आणि पुढे तोच क्यूब खरोखर सोडवायला घेतला तेव्हा दोन दिवस डोके आपटत बसलो. स्टिकर हलवलेला, किंवा पडून सुटलेला आणि घाईत पुन्हा जोडलेला क्यूब कितीही फिरवला तरी जुळेलच असे नाही: सुटे तुकडे कसेही जोडले तर बारांपैकी एकाच जोडणीतून तो सुटू शकतो. बिघाड शेवटच्या थरात ओळखू येतो. पिवळ्या फुलीच्या वेळी एक किंवा तीन पिवळ्या कडा वर दिसल्या तर कुठली तरी एक कड उलटी बसवलेली आहे. शेवटी एकच कोपरा वाकडा राहिला तर तो कोणीतरी जागच्या जागी मुरगळला आहे. पुष्कळ क्यूबमध्ये तो बोटाने पुन्हा मुरगळून सरळ करता येतो. फुलीची चारही टोके जुळलेली असताना दोनच कोपऱ्यांची अदलाबदल बाकी राहिली तर तुकडे चुकीच्या जागी जोडलेले आहेत, आणि सूत्रे पुन्हा पुन्हा करून काही निघणार नाही. अशा वेळी वरचा थर पंचेचाळीस अंशांत तिरका करून एक कड अंगठ्याने हळूच वर उचलावी, तुकडे सुटे करावेत आणि सगळे रंग जुळलेल्या अवस्थेतच पुन्हा बसवावेत. शेवटची कड दाबून बसवल्यावर लगेच विस्कटायला न घेता प्रत्येक बाजू एकेकदा पूर्ण फेरा फिरवून पाहावी, म्हणजे एखादा तुकडा अर्धवट बसला असेल तर तो तेव्हाच सापडतो.